विश्वस्त आणि अविश्वास : ताईमहाराज प्रकरणाच्या निमित्ताने

लोकमान्य टिळकांचे चरित्र वाचताना बहुतेक वाचक एका जागी अडखळतात. १८९७ चा राजद्रोहाचा खटला कळतो, १९०८ चाही कळतो. पण या दोहोंच्या मध्ये पसरलेले ताईमहाराज प्रकरण मात्र नीट उलगडत नाही. दत्तकविधान, प्रोबेट, खोट्या साक्षीचा आरोप, अपिलावर अपील आणि अखेर लंडनचे प्रिव्ही कौन्सिल. एका सरदार घराण्यातील कलहात टिळकांसारख्या माणसाने आयुष्याची चौदा वर्षे का गुंतवून घ्यावीत, हा प्रश्न वाचकाला पडतो. वर्गात आपण हा भाग दोन वाक्यांत उरकतो : मित्राला दिलेला शब्द पाळण्यासाठी टिळकांनी हालअपेष्टा सोसल्या आणि शेवटी ते निर्दोष ठरले. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. टिळकांनी मित्राला नुसता शब्द दिलेला नव्हता. त्यांनी एक कायदेशीर पद स्वीकारले होते आणि त्या पदाचे नाव होते ट्रस्टी. ते पद काय असते हे समजल्याशिवाय ना टिळकांची चिकाटी कळते, ना ताईमहाराजांची तडफड.

ट्रस्ट हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याचे मूळचे वैचित्र्य जाणवतच नाही. देवळाचा ट्रस्ट, शाळेचा ट्रस्ट, वाचनालयाचा ट्रस्ट असे आपण सहज म्हणतो आणि आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती एक कार्यकारिणी, तिच्या सभा आणि तिची भांडणे. परंतु ट्रस्ट म्हणजे माणसांची मंडळी नव्हे. कायद्याच्या दृष्टीने ते मालकीला चिकटलेले एक बंधन आहे. मालमत्ता एकाच्या नावावर असते; तिचा लाभ मात्र दुसऱ्यासाठी असतो. सातबाऱ्यावर, खतावर, बँकेच्या खात्यावर ज्याचे नाव आहे तोच जगाच्या दृष्टीने मालक. तरीही त्या मालकाला त्यातला एक पैसाही स्वतःसाठी वापरण्याचा अधिकार नाही. मालकीचे असे दोन तुकडे करणे ही साधी गोष्ट नव्हे. ती सुचली कशी हे पाहण्यासाठी मध्ययुगीन इंग्लंडकडे वळावे लागते.

तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन भिक्षू इंग्लंडमध्ये आले. अपरिग्रहाचे व्रत असल्यामुळे त्यांना कशाचीही मालकी चालत नसे. पण डोक्यावर छप्पर तर हवे होते. तेव्हा श्रद्धाळू लोक घर किंवा जमीन एखाद्या गृहस्थाच्या किंवा नगराच्या नावे करून देत आणि ती भिक्षूंच्या ‘यूज’साठी राखावी असे सांगत. हा ‘यूज’ वापर या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला असे वाटते. परंतु कायद्याचा थोर इतिहासकार मेटलंड याने दाखवून दिले की त्याचे मूळ ‘ओपुस’ या शब्दात, म्हणजे ‘अमक्याच्या वतीने, अमक्यासाठी’ या अर्थात आहे. ट्रस्टची सारी कल्पना या ‘साठी’मध्ये सामावलेली आहे.

भिक्षूंची ही सोय लवकरच जमीनदारांच्या ध्यानात आली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये जमिनीचे मृत्युपत्र सामान्यतः करता येत नसे. मालक मेला की जमीन ठरलेल्या वारसाकडे जाई आणि त्या वेळी वरिष्ठ सरंजामदाराला नजराणा द्यावा लागे. वारस अज्ञान असला तर त्याचे पालकत्व आणि जमिनीचे उत्पन्नही सरंजामदाराच्या हाती जाई. यावर तोड म्हणून जमीनदार आपली जमीन जिवंतपणीच चार विश्वासू मित्रांच्या संयुक्त नावे करी आणि माझ्या पश्चात ती अमक्या मुलाला, अमक्या मुलीला द्यावी असे सांगून ठेवी. चौघांतला एक मेला तरी तिघे उरत, त्यांत नव्याची भर घालता येई. कागदावरचा मालक असा कधी मरतच नसे. आठव्या हेन्रीचा खजिना या युक्तीने इतका आटला की १५३६ साली ती मोडण्यासाठी खास कायदा करावा लागला. वकिलांनी त्यातूनही वाट काढली आणि पुढच्या शतकात ‘यूज’चाच नवा अवतार ‘ट्रस्ट’ या नावाने स्थिरावला. तेव्हा या संस्थेच्या जन्मकुंडलीत अपरिग्रह आणि करचुकवेगिरी हे दोन्ही ग्रह शेजारी शेजारी बसले आहेत, हे आरंभीच ध्यानात ठेवलेले बरे.

आता प्रश्न असा की त्या चार मित्रांनी शब्द फिरवला तर? सामान्य न्यायालयाला फक्त कागद दिसे, आणि कागदावर मालक तेच होते. फसवली गेलेली विधवा किंवा मुलगा अशा वेळी राजाकडे दाद मागे आणि राजा ते गाऱ्हाणे आपल्या चॅन्सेलरकडे धाडी. हा चॅन्सेलर बहुधा धर्मगुरू असे. पाप, कबुली आणि सदसद्विवेक ही त्याची परिभाषा. तो कागद खोटा ठरवीत नसे. ज्याच्या नावावर जमीन आहे त्या माणसालाच समोर बोलावून तो बजावी की जमीन तुझ्या नावावर असेल, पण तू दिलेले वचन तुझ्या विवेकाला बांधून आहे, ते पाळ, नाही तर तुरुंगात जा. यातून चॅन्सरीचे न्यायालय आणि इक्विटी नावाची न्यायपरंपरा वाढली. नीती आणि कायदा यांच्या सीमेवर उभी असलेली ही परंपरा आहे.

पण विवेक मोजायचा कसा? येथे इक्विटीने जी कठोरता स्वीकारली ती पाहण्यासारखी आहे. १७२६ सालच्या कीच विरुद्ध सँडफर्ड या खटल्यात रमफर्ड येथील बाजाराचा भाडेपट्टा एका अज्ञान मुलासाठी ट्रस्टीच्या हाती होता. मुदत संपल्यावर मूळ मालकाने मुलाच्या नावे नूतनीकरण करण्यास नकार दिला, तेव्हा ट्रस्टीने तो पट्टा स्वतःच्या नावे घेतला. त्याने लबाडी केली असे कोणी सिद्ध केले नव्हते. तरीही चॅन्सेलर लॉर्ड किंग याने निर्णय दिला की पट्टा आणि त्याचा नफा मुलाचाच. साऱ्या जगात त्या एका ट्रस्टीलाच तो पट्टा घेता येत नाही हे वरवर अन्यायाचे दिसते, पण नियम सैल केला तर काय होईल हे उघड आहे, असा त्याचा आशय होता. ट्रस्टी प्रामाणिक होता की नव्हता याचा शोध न्यायालयाने घेतलाच नाही. मोह जिथे शिरू शकतो ती वाटच त्याने बंद केली.

या कायद्याचे मर्म येथे आहे. त्याचे नाव विश्वास, पण त्याची सारी रचना अविश्वासावर उभी आहे. सर्व सत्ता ट्रस्टीच्या हाती असते आणि ज्याच्या हिताचा प्रश्न असतो तो बहुधा अज्ञान बालक, विधवा, दूरस्थ किंवा अद्याप न जन्मलेला असतो. म्हणून ट्रस्टीच्या प्रत्येक हालचालीकडे संशयाने पाहावयाचे, असे कायदा ठरवून टाकतो.

हा सारा विचार हिंदुस्थानात १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाने कलमबद्ध झाला. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू करण्यात आला. त्याची भाषा कोरडी असली तरी त्यातील चित्र स्पष्ट आहे. ट्रस्ट निर्माण करणारा, तो स्वीकारणारा विश्वस्त, ज्याच्यासाठी तो आहे तो हिताधिकारी, विश्वस्ताच्या हाती सोपवलेली मालमत्ता आणि एक कायदेशीर उद्देश. यांपैकी काही संदिग्ध राहिले तर ट्रस्ट उभाच राहत नाही. विश्वस्ताने स्वतःच्या मालमत्तेची जितकी काळजी सामान्य शहाणा माणूस घेतो तितकी घ्यावी, हिशेब चोख ठेवावा आणि मागितल्यास दाखवावा, तरतूद नसेल तर मेहनताना घेऊ नये, मालमत्तेतून स्वतःचा लाभ साधू नये, आपले काम दुसऱ्यावर सोपवू नये; विश्वस्त अनेक असतील तर, ट्रस्टच्या लेखात वेगळे सांगितले नसल्यास, सर्वांनी मिळून निर्णय करावा. आणि एकदा पद स्वीकारल्यावर ते वाटेल तेव्हा टाकता येत नाही. न्यायालयाची परवानगी, सज्ञान हिताधिकाऱ्याची संमती किंवा ट्रस्टच्या लेखातच तसा अधिकार असावा लागतो. हा शेवटचा नियम टिळकांच्या संदर्भात विसरू नये.

इंग्रजी कल्पना हिंदू कुटुंबाच्या अंगावर मात्र सहज बसली नाही. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार टागोर यांनी ख्रिस्ती झालेल्या आपल्या मुलाला, ज्ञानेंद्रमोहनला, वगळून ट्रस्टद्वारा मालमत्तेची पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था लावली होती. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की हिंदूला ट्रस्ट करता येईल, पण हिंदू कायद्याला अज्ञात असलेली वारसापद्धती ट्रस्टच्या आडून आणता येणार नाही. मृताची इच्छा आणि घराण्याचा कायदा यांचा हा झगडा पुण्यात पंचवीस वर्षांनी वेगळ्या रूपाने उभा राहिला.

पुण्याचे पहिल्या वर्गाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज हे टिळकांचे स्नेही. २७ जुलै १८९७ रोजी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामिनावर सोडले. ते पुण्यास परतले तेव्हा बाबामहाराज अंथरुणाला खिळलेले होते. ७ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रात त्यांनी टिळक, दादासाहेब खापर्डे, कुंभोजकर, नागपूरकर आदींना विश्वस्त नेमले होते. पत्नी ताईमहाराज त्या वेळी गरोदर होत्या. मुलगा झाला नाही किंवा होऊन जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने पत्नीने दत्तक घ्यावा आणि तो सज्ञान होईपर्यंत विश्वस्तांनी कारभार पाहावा, अशी व्यवस्था होती. ज्याच्यावर सरकारचा खटला उभा आहे अशा माणसाच्या हाती एक मरणारा सरदार आपले घर सोपवतो. व्यक्तिगत विश्वासाचे याहून मोठे प्रमाण कोणते? पुढच्याच महिन्यात टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि ते सप्टेंबर १८९८ मध्ये सुटले. मधल्या काळात मुलगा जन्मला आणि दोन महिन्यांतच दगावला.

इस्टेट कर्जात होती. विश्वस्तांनी कर्ज फेडण्यासाठी खर्चाला कात्री लावली, आणि कुरबुरीला तेथूनच सुरुवात झाली. जून १९०१ मध्ये औरंगाबादेस पंडित घराण्याच्या निधोणे शाखेतील जगन्नाथ या मुलाचे दत्तकविधान झाले. पुण्यास परतल्यावर ताईमहाराजांचे मन फिरले. विश्वस्तांपैकीच नागपूरकर त्यांच्या बाजूला गेले. जुलैत त्यांनी प्रोबेट रद्द व्हावे म्हणून जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्याकडे अर्ज केला आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या शाखेतील बाळामहाराज यांना दत्तक घेतले. एका घराला आता दोन दत्तक झाले आणि विश्वस्तांत दोन तट पडले.

पुढचा प्रवास थोडक्यात असा. एप्रिल १९०२ मध्ये ॲस्टन यांनी टिळकांविरुद्ध निकाल दिला, इतकेच नव्हे तर खोटी साक्ष इत्यादी आरोपांवरून त्यांच्यावर फौजदारी कारवाईचा आदेश काढला. ऑगस्ट १९०३ मध्ये विशेष मॅजिस्ट्रेटने त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड ठोठावला. जानेवारी १९०४ मध्ये सेशन्स न्यायाधीशांनी ती शिक्षा सहा महिन्यांवर आणली, आणि मार्चमध्ये सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या हायकोर्टाने टिळकांना निर्दोष सोडले. दिवाणी दावा वेगळा चालू होता. १९०६ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने जगन्नाथचे दत्तकविधान खरे मानले. १९१० मध्ये हायकोर्टाने तो निकाल फिरवला आणि टिळक व त्यांचे साक्षीदार यांच्या म्हणण्यावर अविश्वास दाखवला. टिळक तेव्हा मंडालेला होते. अखेर २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने हायकोर्टाचा निकाल रद्द करून जगन्नाथचे दत्तकविधान कायम केले. निकाल देताना लॉर्ड शॉ यांनी एक तत्त्व सांगितले, जे आजही पुराव्याच्या कायद्यात उद्धृत होते : साक्षीदार खोटे बोलतो असे म्हणावयाचे असेल तर उलटतपासणीत त्याला तसे समोरासमोर विचारून खुलाशाची संधी दिली पाहिजे, ती न देता मागाहून त्याला खोटा ठरवणे न्याय्य नव्हे.

यातून टिळकांविषयी काय समजते? सरकारला त्यांच्या चारित्र्यावर डाग लावावयाचा होता असे मराठी चरित्रकारांनी आवर्जून लिहिले आहे, आणि फौजदारी खटल्याचा ओघ पाहता ते निराधार वाटत नाही. परंतु सरकार तटस्थ असते तरी विश्वस्त म्हणून टिळक संशयाच्या कक्षेत आलेच असते, कारण तो त्या पदाचा धर्म आहे. विधवेच्या दत्तकाला ज्याची संमती लागते, इस्टेटीच्या किल्ल्या ज्याच्या हाती असतात, त्याने दबाव आणला का हे न्यायालयाने विचारलेच पाहिजे. दोष विचारण्यात नव्हता. उत्तर ऐकण्याआधीच ते ठरवण्यात होता. प्रिव्ही कौन्सिलने नेमके तेच दाखवले. कायद्याने विश्वस्तावर अविश्वास ठेवावा, पण त्या अविश्वासालाही पद्धत हवी, अशी या निकालाची शिकवण म्हणता येईल.

आता दुसरी बाजू. चरित्रग्रंथांत ताईमहाराज बहुधा भोळ्या, चंचल, दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्या स्त्रीच्या रूपाने येतात. त्यांचे कायदेशीर स्थान मात्र फारसे कोणी पाहत नाही. तान्हा मुलगा वारल्यावर हिंदू कायद्याप्रमाणे आई त्याची वारस होत असे. मालकी मर्यादित, हयातीपुरती, पण घराची सूत्रे तिच्याकडे. तिने दत्तक घेतला की त्याच क्षणी ती मालकी दत्तकपुत्राकडे जाई आणि तिच्या वाट्याला उरे पोटगी. म्हणजे ज्या विधीत तिने कर्ती म्हणून बसावयाचे तोच विधी तिला बेदखल करणारा. अशा स्थितीत आपल्या माहितीचा, आपल्याशी सौजन्याने वागेल असा मुलगा शोधावा, हे वेडेपण नव्हते. तिला दत्तक घ्यावयाचा तर संमती हवी ती पतीने नेमलेल्या पुरुषांची. विश्वस्तांनी कर्ज फेडले, इस्टेट वाचवली, आणि ते घराण्याच्या हिताचेच होते. पण घराणे म्हणजे कोण, या प्रश्नाच्या उत्तरात त्या तरुण विधवेला जागा नव्हती.

इंग्लंडमध्ये हेच साधन उलट कामी आले होते, हे इंग्रजी कादंबऱ्यांच्या अभ्यासकांना ठाऊक असेल. तेथे विवाहाबरोबर पत्नीची जंगम मालमत्ता पतीची होई. तेव्हा लग्नाआधी तिची रक्कम ट्रस्टींच्या हाती देऊन ती ‘तिच्या स्वतंत्र उपभोगासाठी’ राखण्याची रीत इक्विटीने मान्य केली. १८८२ च्या कायद्याने विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता मिळेपर्यंत सधन घरांतील मुलींचे ते एक कवच होते. लंडनमध्ये जो ट्रस्ट स्त्रीला नवऱ्यापासून वाचवत होता, तोच पुण्यात मृत नवऱ्याची इच्छा तिच्यावर लादत होता. साधन एकच, ते कोणाच्या इच्छेला बांधले आहे यावर सारे अवलंबून. आणि ट्रस्ट नेहमी निर्माण करणाऱ्याच्या इच्छेला बांधलेला असतो. हिताधिकाऱ्याला हिशेब मागता येतो, दाद मागता येते. पण ‘माझे हित मी ठरवीन’ असे म्हणण्याची मुभा त्याला क्वचितच असते. ताईमहाराज १९०३ मध्ये वारल्या. निकाल लागला तेव्हा त्यांना जाऊन बारा वर्षे झाली होती.

हितासाठी उभारलेली यंत्रणा हितालाच गिळते, हा अनुभव काही हिंदुस्थानी न्यायालयांचाच नव्हे. डिकन्सच्या १८५२-५३ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘ब्लीक हाउस’ या कादंबरीत मृत्युपत्रातील ट्रस्टांवरून चाललेला चॅन्सरीतला दावा संपतो तो इस्टेट खर्चातच संपल्यामुळे. संशयाची पद्धत बेसुमार वाढली की ती न्यायाचा वेळ खाते, हे डिकन्सने ओळखले होते.

या सगळ्यानंतर विश्वस्त या शब्दाला आपल्याकडे जी नैतिक झळाळी आली ती कोठून आली असेल? गांधीजींनी आत्मकथेत सांगितले आहे की गीतेतील अपरिग्रहाचा अर्थ लावताना त्यांना विलायतेत वाचलेले स्नेलचे इक्विटीवरील पुस्तक आठवले आणि ट्रस्टी या शब्दाचा अर्थ उमगला : कोट्यवधी हाती असूनही त्यातली पैही आपली न मानणारा. फ्रान्सिस्कन भिक्षूंच्या अपरिग्रहातून निघालेली कल्पना अशी गीतेच्या अपरिग्रहाशी येऊन मिळाली. टिळकांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले तेही १९१५ मध्येच, प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाच्या वर्षी. या दोहोंत कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा. तरीही फलाची आशा न धरता, पण कर्म न टाकता, दुसऱ्यासाठी राबण्याची कल्पना ज्याने ग्रंथात मांडली, त्याने ती चौदा वर्षे कोर्टाच्या पायऱ्यांवरही अनुभवली होती, एवढे म्हणायला हरकत नाही.

आपल्या रोजच्या जगातील ट्रस्ट बहुधा सार्वजनिक असतात आणि त्यांना १८८२ चा नव्हे, तर १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो. आता त्याच्या नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आले आहे. मठ-मंदिरांचा प्रश्न मुळात निराळा होता : मालमत्ता देवाची किंवा मठाची, महंत हा इंग्रजी अर्थाने ट्रस्टी नव्हे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९२१ मध्ये सांगितले होते. १९५० च्या कायद्याने देवस्थान, शाळा, ग्रंथालय, साहित्यसंस्था या सर्वांना नोंदणी, हिशेबतपासणी आणि धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आणले. स्थावर मालमत्ता विकण्यास आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, विश्वस्त बदलले की फेरफार अहवाल द्यावा लागतो. येथे हिताधिकारी एखादी विधवा किंवा बालक नसते. तो तुमच्या-आमच्यासारखा अनोळखी वाचक, विद्यार्थी, भाविक असतो. म्हणूनच येथे विश्वासघात सोपा असतो. ज्याचे गेले त्याला ते गेल्याचे कळतही नाही.

आपल्यापैकी अनेक जण कधी ना कधी अशा संस्थेच्या कार्यकारिणीवर बसतो. तेथे हिशेब मागणाऱ्याला उत्तर मिळते ते ठरलेले : ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ ताईमहाराज प्रकरण वाचल्यावर या प्रश्नाचे उत्तर न संकोचता देता यावे. विश्वास आहे, म्हणून तर मालमत्ता तुमच्या नावावर आहे. आता वही दाखवा. टिळकांना ती चौदा वर्षे दाखवावी लागली. ती दाखवण्याचे त्यांनी नाकारले नाही, यातही त्यांचे विश्वस्तपण होते.